नवतपा आणि ओव्हरक्लॉक केलेला मदरबोर्ड

संगणकाचा मदरबोर्ड थंड कसा ठेवावा यावर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले बहुतेक सारे २० ते २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत मोजून लिहिलेले आहे. तीच मोजमापे नागपूरच्या बर्डी भागातल्या दुकानात उभा असलेला गिऱ्हाईक मोबाइलवर बघतो आणि त्यावरून इथल्या उन्हाळ्यात चालवायचे मशीन ठरवतो. नवतपा लागतो तेव्हा, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, इथला दुपारचा पारा ४४-४५ अंशांना सहज टेकतो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ वर गेला होता. परीक्षणातल्या खोलीपेक्षा ही हवा वीसेक अंशांनी गरम असते. कंपनीने ठरवलेल्या वेगावरच संगणक चालवणाऱ्याला हा फरक पंख्याच्या आवाजावरून कळतो आणि तो तिकडे दुर्लक्षही करू शकतो. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याला, म्हणजे प्रोसेसर ठरल्या वेगाच्या पुढे पळवणाऱ्याला, ती सोय नाही. त्याने कंपनीने राखून ठेवलेली मोकळीक आधीच वापरलेली असते, आणि उरलीसुरली हवामान घेते. पंखा बरा की पाणी, खोलीत कूलर चालेल की एसीच हवा, बोर्ड १०० अंशांवर गेला तर बिघडतो का, मुळात आज ओव्हरक्लॉकिंग करावे का, असे या वादाचे चार-पाच धागे आहेत. ते एकेक करून पाहिले की एक गोष्ट दिसते: बहुतेक भांडण कोणते उपकरण घ्यावे यावर होते, आणि नागपुरासारख्या गावात निकाल मात्र उपकरणाच्या आधीच्या दोन गोष्टी लावतात. एक म्हणजे दिलेले व्होल्टेज, दुसरी म्हणजे बोर्डावरून जाणारी हवा.

उष्णता नेमकी कुठली

प्रोसेसर तापतो हे सर्वांना ठाऊक असते. बोर्ड स्वतः उष्णता निर्माण करतो, हे तितके ध्यानात घेतले जात नाही. एसएमपीएसकडून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात, प्रोसेसरला मात्र साधारण १ ते १.४ व्होल्ट लागतात. हे रूपांतर प्रोसेसरच्या सॉकेटभोवती असलेल्या मॉसफेट, चोक आणि कॅपॅसिटरांच्या रांगा करतात. या सगळ्याला मिळून व्हीआरएम म्हणतात. प्रोसेसर १.२५ व्होल्टवर २०० वॅट घेत असेल तर त्या रांगांतून १६० अँपिअर प्रवाह जातो. रूपांतराची कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी सुमारे २२ वॅट तिथल्या तिथे उष्णता होऊन बसतात, तेही बोटभर रुंदीच्या पट्टीत. वेग वाढवला की प्रोसेसरची वीज त्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढवले की त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले तर वीज ३३ टक्क्यांनी चढते. व्हीआरएमची गत याहून वाईट, कारण तारेतून किंवा मॉसफेटमधून प्रवाह जाताना होणारे नुकसान प्रवाहाच्या वर्गाने वाढते. १२० अँपिअरचे १६० झाले, म्हणजे प्रवाह एक तृतीयांशाने वाढला, तर हे नुकसान सुमारे ७८ टक्क्यांनी वाढते. म्हणून ओव्हरक्लॉकिंगमध्ये प्रोसेसरपेक्षा बोर्ड अधिक झपाट्याने तापतो, आणि पडद्यावर फक्त प्रोसेसरचा आकडा बघत बसणाऱ्याला ते दिसत नाही.

दुसरी बाजू हवेची. कोणताही हीटसिंक, पंखा किंवा पाण्याचा संच भागाला सभोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. भाग हवेपेक्षा किती वर राहील एवढेच तो ठरवतो. एक हिशेब मांडून पाहू. कॅबिनेटमध्ये एकूण ४०० वॅट उष्णता होते आहे आणि पंखे प्रत्यक्षात मिनिटाला ५० घनफूट हवा बाहेर टाकत आहेत, असे धरा. एवढ्या हवेचे तापमान आतून जाताना सुमारे १५ अंशांनी वाढते. खोली २५ अंशांची असेल तर बोर्डाभोवती ४० अंश, ४५ ची असेल तर ६०. आता व्हीआरएमचा हीटसिंक दर वॅटमागे २ अंश चढत असेल आणि त्यावर २० वॅट पडत असतील, तर पहिल्या खोलीत तो ८० अंशांवर स्थिरावेल आणि दुसरीत १०० वर. बोर्ड तोच, सेटिंग तेच. शिवाय ४५ अंशांची हवा विरळ असते, आणि नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून थोडे उंच आहे. दोन्ही मिळून त्याच पंख्यातून जाणाऱ्या हवेचे वजन २५ अंशांच्या किनारपट्टीवरल्या हवेपेक्षा जवळपास दहा टक्क्यांनी कमी भरते. गरम झालेल्या मॉसफेटचा विद्युतरोधही वाढतो, म्हणजे तो आणखी तापतो. तेव्हा खोलीच्या एका अंशाला बोर्डाचा एक अंश हा ढोबळ नियम नागपुरात थोडा कमीच पडतो.

मागची पंचवीस वर्षे

ओव्हरक्लॉकिंगच्या छंदाचा लोकप्रिय इतिहास ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए पासून सांगतात. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर ४५० वर चाले. अॅबिटच्या बीएच६ सारख्या बोर्डांनी हे काम जंपर न हलवता थेट बायोसमधून करायची सोय दिली. त्या काळी बोर्डावरचा गरम भाग म्हणजे नॉर्थब्रिज ही चिप. २००४ च्या सुमारास एनव्हिडियाच्या एनफोर्स४ बोर्डांवर चिपसेटसाठी छोटे पंखे बसवले गेले. ते किरकिरत आणि लवकर बंद पडत. दरम्यान मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच गेला, एएमडीने २००३ मध्ये अॅथलॉन ६४ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये नेहालेममध्ये. पुढे नॉर्थब्रिजच उरला नाही. बोर्डाची उष्णता तेव्हापासून व्हीआरएमकडे सरकली. मधल्या काळात, २०१३ च्या हॅसवेलमध्ये, इंटेलने विजेच्या नियमनाचा काही भाग प्रोसेसरमध्येच बसवून पाहिला, पण २०१५ च्या स्कायलेकमध्ये तो पुन्हा बाहेर काढला.

व्हीआरएमच्या वादाला तोंड फुटले ते २०१७ मध्ये. इंटेलच्या एक्स२९९ बोर्डांवर जर्मन ओव्हरक्लॉकर रोमन हार्टुंग, म्हणजे डेअरबाउअर, यांनी उघड टीका केली. जास्त गाभ्यांचे प्रोसेसर एवढा प्रवाह ओढत होते की व्हीआरएमच तापून वेग खाली येई, आणि त्यावरचे हीटसिंक दिसायला देखणे असले तरी कामाला तोकडे होते. प्लास्टिकचे झाकण, त्यात रंगीत दिवे, खाली अॅल्युमिनियमचा गुळगुळीत ठोकळा; हवेला लागायला पृष्ठभागच नव्हता. त्यानंतर खरोखरच्या पत्र्या असलेले हीटसिंक परतले, मॉसफेटही सुधारले. २०१९ मध्ये एएमडीच्या एक्स५७० चिपसेटमुळे छोटा पंखा पुन्हा बोर्डावर आला आणि २०२१ च्या एक्स५७०एस बोर्डांवरून गेलाही. आज महागड्या बोर्डांचे व्हीआरएम बहुतेक प्रोसेसरांच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकदीचे असतात. म्हणून एक मत असे की हा प्रश्न संपलाच. इंटेलच्या झेड मालिकेतला भारी बोर्ड घेणाऱ्यापुरते ते बरेचसे खरे आहे. पण एएमडीच्या बाजूने बी४५०, बी५५० श्रेणीतले स्वस्त बोर्डही ओव्हरक्लॉकिंगला परवानगी देतात, त्यातल्या काहींवर व्हीआरएमच्या एकाच रांगेवर हीटसिंक असतो आणि दुसरी उघडी. बजेट आवळून असेंबल करून घेतलेल्या पीसीत बहुधा असाच बोर्ड निघतो.

पंखा की पाणी

हवेवर भरवसा ठेवणारे म्हणतात, की प्रोसेसरवर मोठा हीटसिंक असलेला कूलर, पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, इतके पुरते. त्यांच्या बाजूने मुद्दा असा, की प्रोसेसरच्या पंख्याची सांडलेली हवा आपोआप व्हीआरएमवरून जाते. हवा थेट खाली बोर्डावर फेकणारे बसके कूलर तर प्रोसेसरला थोडे कमी आणि बोर्डाला जास्त थंड ठेवतात. पाण्याच्या बाजूचे सांगतात, की बंद संचातले पाणी उष्णता थेट कॅबिनेटच्या कडेला नेते, आतली हवा तापत नाही, आणि प्रोसेसरचे तापमान अचानक उसळत नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत, पण दोघे वेगवेगळ्या भागांबद्दल बोलत असतात. प्रोसेसरवर पाणी आले की सॉकेटभोवती हवा हलवणारा पंखाच जातो. प्रोसेसरचा आकडा खाली येतो आणि शेजारचा व्हीआरएम स्थिर हवेत शिजत राहतो. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे: आर्क्टिकने २०१९ मध्ये आणलेल्या लिक्विड फ्रीझर २ च्या पंपावरच ४० मिलिमीटरचा एक पंखा व्हीआरएमसाठी बसवला होता. प्रोसेसर आणि व्हीआरएम दोन्हीवर एकच ठोकळा बसवून त्यातून पाणी फिरवणे हा तांत्रिकदृष्ट्या सर्वांत नेटका उपाय, पण तो ठोकळा एकाच बोर्डाच्या मापाचा असतो. बोर्ड बदलला की तो अडगळीत.

पाण्याविषयी एक गैरसमज चिवट आहे, की पाणी म्हणजे थंड. संचातले पाणीही शेवटी रेडिएटरमधून खोलीच्या हवेलाच उष्णता देते. बंद संचांत द्रव सुमारे ६० अंशांच्या आत राहावा अशी अपेक्षा असते. २५ अंशांच्या खोलीत ही मर्यादा फार लांब आहे. ४५ च्या खोलीत १५ अंशांवर येऊन ठेपते. हवेच्या बाजूच्यांनीही खूश व्हायचे कारण नाही, कारण त्यांचा सगळा हिशेब स्वच्छ पत्र्यांवर उभा आहे. उन्हाळ्याच्या शेवटी प्रोसेसरच्या कूलरचा पंखा सोडवून पाहिला तर पाती आणि पत्र्या यांच्यामध्ये नमद्यासारखा धुळीचा एकसंध थर निघतो, बोटाने उचलला तर अख्खा सुटून येतो. हवा त्याच्यामागे अडलेली असते. व्हीआरएमच्या हीटसिंकखाली मऊ थर्मल पॅड असतो. वर्षानुवर्षे तापून त्यातले तेल सुटते, तो कडक होतो आणि मॉसफेटवर नीट टेकत नाही. बोर्ड काढून मागचे स्क्रू सोडल्याशिवाय हे दिसत नाही. मूळ जाडीचाच नवा पॅड टाकणे आणि व्हीआरएमकडे तोंड करून एक छोटा पंखा झिपटायने बांधणे, हे दोन उपाय दिसायला गावठी आहेत, पण स्थिर हवेतून फिरत्या हवेत गेल्यावर उष्णता वाहून जाण्याचा दर कित्येक पटींनी वाढतो, हे पदार्थविज्ञान त्यांच्या बाजूचे आहे. माझ्या मते खर्चाच्या मानाने यांच्याइतका लाभ दुसरा कोणता उपाय देत नाही.

टोकाचे प्रयोग इथे ओझरते पाहिले तरी पुरे. डिसेंबर २०२२ मध्ये द्रव हेलियमच्या साहाय्याने इंटेलचा कोअर आय९-१३९००के ९ गिगाहर्ट्झच्या वर नेण्यात आला, पण तो काही क्षणांचा विक्रम होता. अमेरिकेतल्या प्युजेट सिस्टिम्सने अख्खा बोर्ड खनिज तेलात बुडवण्याचे संच एकेकाळी विकले. तेलात बुडवलेला बोर्ड दुरुस्त करायला बाहेर काढणे हा स्वतंत्र छळ असतो. पाण्याने थेट चिप थंड करण्याचे तंत्र मोठ्या यंत्रांत मात्र रुळले आहे. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणक याच पद्धतीने थंड ठेवला जातो. पण तिथे पाण्याच्या मागे इमारतीची अख्खी शीतयंत्रणा उभी असते. टेबलाखालच्या कॅबिनेटमागे असते ती खोली.

खोलीची हवा

आणि खोलीचा प्रश्न नागपुरात खोली थंड करणाऱ्या कूलरपाशी येतो. मे महिन्यात दुपारी ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर पारा २३ च्या आसपास येतो. डेझर्ट कूलर या दोन आकड्यांमधले ६० ते ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे तोंडाशी हवा साधारण २७ ते ३१ अंशांची मिळते. हा १३ ते १७ अंशांचा फायदा नुसता हीटसिंक बदलून सहजी मिळत नाही. एसीच्या तुलनेत वीजही किती तरी कमी लागते. पण संगणकाच्या जाणकारांत कूलरला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ओलाव्याने बोर्डावर गंज येतो, असे ते म्हणतात. डेटा सेंटरसाठी ॲश्रे या अमेरिकी संस्थेने शिफारस केलेली मर्यादा १८ ते २७ अंश तापमान आणि जास्तीत जास्त १५ अंश दवबिंदू अशी आहे. वर मांडलेल्या हिशेबात कूलरच्या हवेचा दवबिंदू २० अंशांच्या आसपास जातो. म्हणजे शिफारस मोडली जातेच.

तरीही या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. पहिले, पाणी साचण्यासाठी भागाचे तापमान दवबिंदूच्या खाली जावे लागते. हवेने किंवा पाण्याच्या संचाने थंड केलेला चालू बोर्ड खोलीपेक्षा नेहमी गरम असतो, त्यामुळे त्याच्यावर दव पडत नाही. पेल्टिअर, म्हणजे विजेवर थंड होणारी पट्टी, किंवा बर्फ वापरणाऱ्यांना ही सवलत नाही. त्यांनी कूलरच्या खोलीत तो उद्योग करूच नये. दुसरे उत्तर जुलै-ऑगस्ट देतात. पावसाळ्यात नागपूरच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांपर्यंत असतो आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे. इथला प्रत्येक बोर्ड दरवर्षी ते दोन महिने काढतो. कूलरच्या ५० ते ७० टक्के आर्द्रतेने तो गंजेल असे म्हणायचे, तर पावसाळ्याबद्दल गप्प बसता येणार नाही. खरा धोका ओलाव्यापेक्षा पाण्यातल्या क्षारांचा आहे. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या कूलरच्या ताट्यांवर महिन्याभरात पांढरा थर चढतो. तेच पाणी तुषारांच्या रूपाने थेट कॅबिनेटवर उडत असेल तर धूळ, क्षार आणि ओल एकत्र येऊन बोर्डावर वीजवाहक थर बसू शकतो. उपाय सोपा आहे: कॅबिनेट झोतात ठेवू नये, आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी, कारण हवा बाहेर गेली नाही तर कूलर खोली नुसती दमट करतो.

एसीचे समर्थक म्हणतात, हा सगळा खटाटोप कशाला; २४ अंशांवर एसी लावा, परीक्षणातली खोली तुमच्या घरात. तत्त्वतः यात खोट नाही, आणि ज्याला परवडते त्याच्यापुरता वाद इथेच मिटतो. पण दोन गाठी उरतात. वीज गेली की यूपीएसवर संगणक चालत राहतो आणि एसी बंद होतो. बंद दारांच्या लहान खोलीत ५०० वॅटचे मशीन म्हणजे एक छोटा हीटरच, आणि जे सेटिंग २४ अंशांना धरून बसवले ते काही मिनिटांतच तकलादू ठरू लागते. दुसरी गाठ पावसाळ्यातली: २० अंशांवर गारठलेल्या खोलीतले बंद मशीन आणि अचानक उघडलेले दार, या एका प्रसंगी मात्र बोर्डावर खरोखर दव धरू शकते. एसीमुळे सेटिंगला मोकळीक मिळते हे खरे, पण सेटिंग एसी बंद असतानाच्या खोलीला धरून करणे शहाणपणाचे.

किती गरम म्हणजे गरम

इथवर आपण बोर्ड गरम होणे वाईट असे गृहीत धरून चाललो. हे गृहीतच अमान्य असलेला एक गंभीर पक्ष आहे. त्यांच्या मते आजचे मॉसफेट १५० अंशांपर्यंतच्या आंतरिक तापमानासाठी बनवलेले असतात, बोर्डाचा फायबर १३० अंशांच्या पुढेच मऊ होऊ लागतो, आणि मर्यादा आली की व्हीआरएम स्वतः प्रोसेसरचा वेग उतरवतो. एएमडीने तर २०२२ च्या रायझन ७००० मालिकेबद्दल स्पष्टच सांगितले, की ९५ अंशांवर चालणे हे तिच्या रचनेतच आहे. मग व्हीआरएम १०० अंशांवर आहे म्हणून झोप का उडवायची? या युक्तिवादात तथ्य आहे, आणि ७०-८० अंश पाहून घाबरणाऱ्यांना तो ऐकवलाच पाहिजे. पण त्यात दोन भोके आहेत. संरक्षण म्हणून वेग उतरतो, म्हणजे ज्या वेगासाठी हा सारा आटापिटा केला तोच जातो. मे महिन्याच्या दुपारी ओव्हरक्लॉक केलेले मशीन मूळ सेटिंगपेक्षाही हळू चालू शकते, आणि मालकाला वाटते ग्राफिक्स कार्ड खराब झाले.

दुसरे भोक आयुष्याचे. मॉसफेट तगेल, पण त्याच्या शेजारचा कॅपॅसिटर? जुन्या द्रव इलेक्ट्रोलाइटच्या कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी उतरले की दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. आजच्या घन पॉलिमर कॅपॅसिटरसाठी २० अंशांमागे दहापट असे धरतात. १०५ अंशांवर ५,००० तासांचा पॉलिमर कॅपॅसिटर ८५ वर ५०,००० तास टिकतो. रोज आठ तास धरले तर पावणेदोन वर्षे आणि सतरा वर्षे असा हा फरक आहे. उन्हाळा सोडला तर नागपुरातही बोर्ड बराच थंड चालतो, त्यामुळे प्रत्यक्ष आयुष्य या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी पडते. या शतकाच्या पहिल्या दशकात निकृष्ट कॅपॅसिटर फुगून हजारो बोर्ड गेले होते. त्या काळाच्या तुलनेत आजचे भाग कितीतरी चांगले आहेत. तरी खोलीचे २० अंश आणि कॅपॅसिटरचे २० अंश हे एकच २० अंश आहेत, एवढे लक्षात ठेवायला हवे.

मोजमापाचा मुद्दा याच पोटात येतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि देशभर खळबळ उडाली. अधिकृत केंद्रावरचा पारा त्याच्या जवळपासही नव्हता. संवेदकातला बिघाड, असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला. बोर्डावरचे संवेदक याच्या उलट बाजूला चुकतात. व्हीआरएमचा संवेदक बहुधा मॉसफेटच्या आत नसून त्याच्या शेजारी बोर्डावर चिकटवलेला असतो, त्यामुळे पडद्यावरचा आकडा आतल्या तापमानापेक्षा कमी दिसतो. काही बोर्डांवर तो मुळातच नसतो, आणि प्रोग्रॅम भलत्याच वाहिनीचा आकडा त्या नावाने दाखवतो. हीटसिंकच्या पायथ्याशी लावलेले साधे थर्मोकपल यापेक्षा विश्वासार्ह असते.

व्होल्टेज उतरवणाऱ्यांचे म्हणणे

गेल्या काही वर्षांत वादाचे केंद्र उष्णतेकडून व्होल्टेजकडे सरकले आहे, आणि त्याला दोन घटना कारणीभूत आहेत. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसरांचे सॉकेट जळाल्याच्या तक्रारी आल्या. बोर्डांनी प्रोसेसरच्या एका विशिष्ट वीजवाहिनीला जास्त व्होल्टेज दिल्याचे निघाले आणि नवे बायोस देऊन ते १.३ व्होल्टला बांधण्यात आले. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या प्रोसेसरांत अस्थिरता आढळली. तिच्यामागेही वाढीव व्होल्टेज होते. इंटेलने ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. दोन्ही ठिकाणी प्रोसेसरचा कूलर उत्तम असूनही भाग गेले. यावरून एक मोठा गट असा निष्कर्ष काढतो की हाताने केलेल्या ओव्हरक्लॉकिंगचे दिवस सरले. प्रोसेसर आता कारखान्यातूनच टोकाला ताणून येतात. पाच टक्के वेगासाठी तीस टक्के वीज ओतण्यापेक्षा व्होल्टेज थोडे उतरवावे, एएमडीवर कर्व्ह ऑप्टिमायझर वापरावा, आणि तोच वेग कमी उष्णतेत मिळवावा.

यावर जुन्या जाणत्यांचा आक्षेप असा, की हे ओव्हरक्लॉकिंगच नाही, शरणागती आहे. शिवाय कमी केलेल्या व्होल्टेजचीही स्थिरता तपासावी लागते, आणि ती तासन्‌तास घेतलेल्या चाचणीतही पुरती कळत नाही. दुसरा भाग बिनतोड आहे. पहिल्याशी मी सहमत नाही. वीज व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, त्यामुळे व्होल्टेज पाच टक्के उतरवले की प्रोसेसरची वीज जवळपास दहा टक्के घटते. व्हीआरएमवरचा प्रवाह घटतो, कॅबिनेटमधली हवा थंड राहते, खोलीही कमी तापते. साखळीतल्या प्रत्येक कडीला एकाच फेरफाराचा फायदा होतो. २२ अंशांच्या खोलीत हा फायदा आवडीनिवडीचा भाग ठरू शकतो. ४४ अंशांत जो आपला वेग नवतप्यातही टिकवतो तोच खरा ओव्हरक्लॉकर म्हणायचा, आणि त्याचे पहिले हत्यार बायोसमध्ये आहे. मग पाळी बोर्डावरून जाणाऱ्या हवेची, मग खोलीची, आणि नवा कूलर किंवा पाण्याचा संच सगळ्यांत शेवटी.

काय सुटलेले नाही

काही प्रश्न मात्र या क्रमाने सुटत नाहीत. कूलरच्या क्षारयुक्त, धुळीच्या हवेत पाच-सात वर्षे चाललेल्या बोर्डांचे नेमके काय होते, यावरचे मत दुरुस्ती करणाऱ्यांच्या अनुभवावर उभे आहे. डेटा सेंटरांसाठी तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या ठेवून गंज मोजण्याची पद्धत आहे, घरगुती संगणकांसाठी ती कोणी वापरत नाही. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांच्या परिसरातली हवा आणि शहरातल्या बांधकामांची धूळ बोर्डासाठी सारखी की वेगळी, हेही त्यातच आले. उन्हाळ्यासाठी आणि हिवाळ्यासाठी वेगळी सेटिंग ठेवावी की वर्षभर एकच सावध सेटिंग बरी, यावर दोन तट आहेत. दोन सेटिंगवाले हिवाळ्यातला वेग सोडायला तयार नाहीत, एकवाल्यांना मार्चमध्ये बदल करायला विसरण्याची भीती वाटते.

सर्वांत मोठी उणीव परीक्षणांची आहे. एकच बोर्ड, एकच प्रोसेसर, आणि खोली २५, ३५, ४५ अंशांची: अशी तिहेरी चाचणी सहसा कोणी छापत नाही, कारण ४५ अंशांची खोली तयार करायला परदेशी प्रयोगशाळेला खर्च येतो. नागपुरात ती एप्रिल-मेमध्ये फुकट मिळते. व्हीएनआयटीपासून शहराच्या सीमेवरच्या महाविद्यालयांपर्यंत इथे अभियांत्रिकीच्या संस्था भरपूर आहेत आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पाला विषय हवाच असतो. चार थर्मोकपल, एक आर्द्रतामापक, एक बी५५० बोर्ड आणि वाळ्याच्या ताट्यांचा एक कूलर एवढ्या सामानावर हे काम होऊ शकते. पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या विभागाने ते हाती घ्यावे आणि आकडे सर्वांसाठी खुले करावेत.